पडलेले बालचित्रपट थिएटरात आणि डीव्हीडीवर पोहोचतात ते कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: समीक्षकांनी झोडपलेले, प्रेक्षकांनीही पाठ फिरवलेले मुलांचे चित्रपट मुळात हजार-दोन हजार थिएटरांत लागतातच कसे? पडल्यावरसुद्धा त्यांच्या डीव्हीडी आणि पुढचे पाच-सात भाग कसे निघतात? बनवणाऱ्यांना आपला चित्रपट वाईट झालाय हे कळत नाही का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. कळतं. मी मुंबईत बाहेरून येणाऱ्या ॲनिमेशनच्या कामाचं निर्मिती-व्यवस्थापन केलं आणि नंतर मुलांच्या चित्रपटांचे व्हिडिओ हक्क घेण्या-देण्याच्या व्यवहारात राहिलो. चित्रपट हातातून गेलाय हे ॲनिमॅटिक बघतानाच समजतं. ॲनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासकट एकामागून एक लावून केलेलं कच्चं रूप. गोष्टीत जीव नसेल तर तो तिथेच दिसत नाही, आणि पुढे कितीही चांगला प्रकाश, कितीही मऊ फर लावली तरी येत नाही. पण त्या टप्प्याला येईपर्यंत चित्रपट बऱ्याचदा विकला गेलेला असतो. काही देशांचे हक्क गेलेले असतात, व्हिडिओ कंपनीने आगाऊ रक्कम दिलेली असते, सुपूर्त करायची तारीख करारात लिहिलेली असते. त्यानंतर 'हा चांगला झाला का' हा प्रश्न ज्याच्या अधिकारात येतो असा माणूस त्या साखळीत उरतच नाही.

यातलं गणित समजण्यासाठी एक टोकाचं उदाहरण घेऊ. २९ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत 'द ऊगीलव्ह्ज इन द बिग बलून ॲडव्हेंचर' हा अगदी लहान मुलांसाठीचा चित्रपट लागला. निर्माते केन विझलमन. 'टेलिटबीज' ही अगदी लहान मुलांची ब्रिटिश टीव्ही मालिका अमेरिकेत घरोघरी पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, म्हणजे हा माणूस बालप्रेक्षक ओळखत नव्हता असं म्हणता येत नाही. कल्पनाही वेगळी होती. पडद्यावर फुलपाखरं आली की मुलांनी उठून नाचायचं, कासवं आली की खाली बसायचं. खर्च सुमारे २ कोटी डॉलर. थिएटरं २,१६०. पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारची कमाई ४ लाख ४४ हजार डॉलरच्या आसपास.

भागाकार करून बघा. एका थिएटरच्या वाट्याला तीन दिवसांत २०६ डॉलर येतात. त्या वर्षी अमेरिकेत सरासरी तिकीट आठ डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे तीन दिवसांत पंचवीस-सव्वीस तिकिटं. रोजचे चार खेळ धरले तर एका खेळाला दोन माणसं: एक आई आणि एक मूल. नाचायला लावणारा चित्रपट, आणि सोबत नाचायला दुसरं मूल नाही. दोन हजारांवर थिएटरांत लागलेल्या चित्रपटांतली ती तोवरची सर्वांत कमी सुरुवात ठरली. आधीचा नीचांक होता 'डेल्गो' या ॲनिमेशनपटाचा, डिसेंबर २००८ मधला. योगायोगाने त्यालाही २,१६० थिएटरंच मिळाली होती आणि पहिल्या तीन दिवसांत ५ लाख १२ हजार डॉलर. 'डेल्गो' अटलांटातल्या एका छोट्या स्टुडिओने अनेक वर्षं खपून, सुमारे ४ कोटी डॉलर घालून केला होता.

आता तुमचा प्रश्न: एवढी थिएटरं त्यांना दिली कुणी? मोठा स्टुडिओ स्वतःच्या पैशाने चित्रपट लावतो, ती एक पद्धत. दुसरीला धंद्यात 'सर्व्हिस डील' म्हणतात. यात वितरक स्वतःचा एक पैसाही गुंतवत नाही. निर्माता त्याला ठरलेली फी देतो, जाहिरातींचा आणि प्रिंटांचा खर्च निर्माताच करतो, आणि वितरक आपल्या ओळखींवर थिएटरं मिळवून देतो. 'डेल्गो' असाच लागला. थिएटरवाल्याचं म्हणाल तर ऑगस्टअखेर, डिसेंबरची सुरुवात, जानेवारीचा मध्य हे त्याचे पडते दिवस. दुपारच्या खेळाला पडदा रिकामाच असतो. मुलांचा चित्रपट लावला तर निदान पॉपकॉर्न खपेल, कारण तिकिटातला मोठा वाटा वितरकाकडे जातो, खाण्याचे पैसे थिएटरकडे राहतात. त्यामुळे 'आधी बघून मग ठरवू' असं म्हणायची त्याला गरज वाटत नाही. सोमवारी आकडे आले की तो पडदा दुसऱ्याला देऊन मोकळा.

ही युक्ती नवी नाही. साठच्या दशकात फ्लोरिडातले के. गॉर्डन मरे नावाचे गृहस्थ मेक्सिकोचे बालचित्रपट स्वस्तात आणायचे, इंग्रजीत डब करायचे आणि फक्त शनिवार-रविवार दुपारी लावायचे. आठवडाभर टीव्हीवर जाहिरातींचा मारा आणि दोन दुपारचे खेळ. सोमवारी शाळेत पोरं एकमेकांना 'बघू नका रे' म्हणेपर्यंत चित्रपट पुढच्या गावाला गेलेला असायचा. १९५९ चा मेक्सिकन 'सांता क्लॉज' त्यांनी असा वर्षानुवर्षं नाताळात फिरवला. मोठ्यांच्या चित्रपटाला तोंडी प्रसिद्धी मारते किंवा तारते. मुलांच्या बाबतीत तोंडी प्रसिद्धी निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण निर्णय घेणारा आणि बघणारा एक नसतो, हे मरे यांनी व्हिडिओ कॅसेट बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

पण निर्माता स्वतःचे पैसे घालून थिएटरं का मिळवतो? दोन माणसांच्या खेळासाठी नक्कीच नाही.

अमेरिकन फिल्म मार्केट नावाचा बाजार बरीच वर्षं सांता मोनिकाला नोव्हेंबरात भरायचा. हॉटेलच्या खोल्यांमधले पलंग हलवून तिथे टेबलं टाकलेली असायची आणि दारावर कंपनीची पाटी. आत जायचं, भिंतीवर पोस्टर, टेबलावर एक पान, दोन मिनिटांचा ट्रेलर. पूर्ण चित्रपट बघायची मागणी क्वचित होते, कारण अनेकदा तो झालेलाच नसतो. पोलंडचा, कोरियाचा, आखाती देशांचा, आपल्याकडचा खरेदीदार पहिला प्रश्न विचारतो तो हा: अमेरिकेत थिएटरला लागणार का, आणि किती पडद्यांवर? या उत्तरावर किंमत बदलते. 'थेट व्हिडिओ' या रकान्यातला चित्रपट एका भावाने जातो, 'थिएटर' या रकान्यातला त्याच्या कितीतरी पट. करारातच अट असते की किमान इतक्या पडद्यांवर, इतके दिवस प्रदर्शन झालंच पाहिजे. पैसे भरून बघायच्या टीव्ही वाहिन्यांचं तेच, मोठ्या दुकानांच्या फळीचं तेच. नव्या प्रदर्शित चित्रपटांच्या फळीवर जागा हवी असेल तर थिएटरची तारीख दाखवावी लागायची. म्हणजे थिएटरमधलं प्रदर्शन ही बऱ्याच बालचित्रपटांसाठी जाहिरातीच्या खात्यातली बाब असते. तिथे तोटा होणार हे धरूनच वही मांडलेली असते. 'ऊगीलव्ह्ज'सारखा तोटा मात्र कुणी धरलेला नसतो.

आता होम व्हिडिओकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत मोठ्यांच्या नव्या चित्रपटाची कॅसेट सत्तर-ऐंशी डॉलरला असायची, कारण ती घेणारा ग्राहक म्हणजे भाड्याने देणारा दुकानदार. मुलांच्या कॅसेटचं तसं नाही. चार वर्षांचं मूल एकच चित्रपट रोज बघतं, दिवसातून दोनदा बघतं, संवाद पाठ होईपर्यंत बघतं. तो भाड्याने आणणं परवडत नाही, विकतच घ्यावा लागतो. म्हणून मुलांच्या कॅसेटी वीस-पंचवीस डॉलरला थेट घरी विकल्या गेल्या. १९९४ मध्ये डिस्नेने 'अलादिन'चा पुढचा भाग, 'द रिटर्न ऑफ जाफर', थिएटरला न लावता सरळ कॅसेटवर काढला. मूळ चित्रपटाच्या मानाने अगदी किरकोळ खर्चात, टीव्ही मालिकेच्या दर्जाचं ॲनिमेशन. समीक्षकांनी नाकं मुरडली आणि एक कोटीच्या वर प्रती खपल्या. त्या आकड्याने पुढच्या वीस वर्षांच्या बालचित्रपटांचं नशीब लिहिलं. त्याच वर्षी 'द लँड बिफोर टाइम'चाही दुसरा भाग थेट व्हिडिओवर आला. १९८८ च्या त्या सुंदर चित्रपटाला पुढे एकूण तेरा शेपट्या फुटल्या.

त्याच १९९४ मधली आणखी एक गोष्ट आपल्या मुंबईपर्यंत येते, म्हणून ती जरा नीट सांगतो.

रिचर्ड रिच हे डिस्नेतले दिग्दर्शक, 'द फॉक्स अँड द हाउंड'च्या दिग्दर्शकांपैकी एक. डिस्ने सोडून त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि 'द स्वान प्रिन्सेस' केला, हाताने काढलेला, सुमारे साडेतीन कोटी डॉलरचा. १८ नोव्हेंबर १९९४ ला तो लागला. डिस्नेने 'द लायन किंग' सप्टेंबरात काढून घेतला होता, तो नेमका त्याच शुक्रवारी पुन्हा लावला. 'स्वान प्रिन्सेस'ची अमेरिकेतली कमाई एक कोटी डॉलरलाही पोहोचली नाही. हा चित्रपट काही टाकाऊ नव्हता, पण हिशेबाने तो पडला. कॅसेटवर मात्र लाखो घरांत गेला. पुढचा भाग १९९७ मध्ये मोजक्या थिएटरांत लागला, तिथे काहीच झालं नाही आणि व्हिडिओवर पुन्हा चालला. २०२३ पर्यंत या मालिकेचे एक डझन चित्रपट झाले. पडलेल्या चित्रपटाचे बारा भाग!

२००० च्या सुमारास रिच यांचा स्टुडिओ मुंबईच्या क्रेस्ट कम्युनिकेशन्सने विकत घेतला आणि त्याचं नाव रिचक्रेस्ट झालं. क्रेस्टमध्ये चांगले कलाकार होते. 'जेकर्स' या मुलांच्या मालिकेचं काम इथेच झालं आणि तिला अमेरिकेत एमी पुरस्कार मिळाले. पुढे लायन्सगेट या चित्रपट कंपनीबरोबर 'अल्फा अँड ओमेगा' हा लांडग्यांचा ॲनिमेशनपट झाला. सप्टेंबर २०१०, अडीच हजारांहून जास्त थिएटरं, खर्च सुमारे २ कोटी डॉलर, जगभरची कमाई ५ कोटींच्या आसपास. समीक्षकांची मतं अत्यंत वाईट. निर्मितीचा खर्च आणि जाहिरातींचा खर्च वेगळे मोजले, थिएटरचा वाटा वजा केला, तर ही कमाई वाटते तेवढी मोठी नाही. तरी २०१३ ते २०१७ या काळात त्याचे सात भाग थेट व्हिडिओवर आले. सुरुवातीच्या भागांचे दिग्दर्शक तेच, रिचर्ड रिच. लांबी पाऊण तासाची.

पाऊण तासच का, आणि सात भाग का, हे बाहेरच्यांना कळत नाही. संगणकावरच्या ॲनिमेशनमध्ये सर्वांत महागडी गोष्ट म्हणजे पहिल्यांदा उभं करणं. लांडग्याचं मॉडेल, त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवून तो हलवता येईल अशी केलेली रचना म्हणजे रिग, फर, जंगल, गुहा, बर्फ. हे सगळं पहिल्या चित्रपटाच्या खर्चात झालेलं असतं. ते हार्डडिस्कवर पडून आहे. दुसऱ्या भागाला दोन नवी पिल्लं, एक नवा खलनायक आणि गोष्ट लागते. जंगल तेच, फक्त ऋतू बदलायचा. कलाकारांचे आवाज महाग असतील तर तसाच आवाज काढणारे दुसरे घ्यायचे. मूळ चित्रपटाच्या अंशमात्र खर्चात पाऊण तास तयार होतो, आणि फळीवर त्याचं खोकं पूर्ण चित्रपटाच्या खोक्याएवढंच असतं. पहिला चित्रपट थिएटरात चालला की नाही याने फारसं बिघडत नाही. त्याने नाव आणि मॉडेल दिलं, त्याचं काम झालं.

याचा परिणाम पडद्यावर कसा दिसतो? एक शॉट घ्या: पिल्लू बर्फावरून चालत येतं, थांबतं, आईकडे बघतं. चार सेकंद. मोठ्या स्टुडिओत एक ॲनिमेटर आठवडाभर या चार सेकंदांवर बसतो. पाऊल टेकलं की खांदा खाली दबला पाहिजे, थांबल्यावर कान अर्धा क्षण उशिरा थांबले पाहिजेत, मान वळायच्या आधी डोळे वळले पाहिजेत. थेट व्हिडिओच्या कामात त्याच ॲनिमेटरकडून आठवड्याला वीस-पंचवीस सेकंद मागितले जातात. मग तो काय सोडतो? आधी कान सोडतो. मग खांदा. पाय बर्फावर किंचित घसरताना दिसतात, त्याला आम्ही 'फूट स्लाइड' म्हणतो, ते झाकायला कॅमेरा कमरेच्या वर घेतला जातो. शेवटी डोळे. डोळ्यांची ती बारीक हालचाल गेली की पात्र निर्जीव वाटायला लागतं आणि प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही. रिटेकसाठी वेळ ठेवलेला नसतो. लोक म्हणतात, भारतात केलेलं ॲनिमेशन असंच असतं. मला याचा मनापासून राग येतो. तीच मुलं, तेच हात, ज्या प्रकल्पात वेळ मिळाला तिथे उत्तम काम करून गेलेत. सेकंदांचा कोटा ठरवणारा माणूस त्या खोलीत नसतो, आणि श्रेयनामावलीत नाव मात्र त्या मुलांचं येतं.

क्रेस्टचं काम थांबल्यावर तिचे प्रमुख ए. के. माधवन यांनी मुंबईतच असेम्ब्लेज एंटरटेनमेंट उभी केली. तिथे 'नॉर्म ऑफ द नॉर्थ'चं ॲनिमेशन झालं, बोलणाऱ्या पांढऱ्या अस्वलाची गोष्ट. लायन्सगेटने तो १५ जानेवारी २०१६ ला, मार्टिन ल्यूथर किंग सुट्टीच्या आठवड्यात लावला. जानेवारीत मुलांचं नवं काही नसतं आणि सोमवारी शाळेला सुट्टी, ही तारीख निवडण्यामागे एवढा साधा विचार. समीक्षकांची मतं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवर त्याला दहा टक्क्यांच्याही खालची पसंती मिळाली. पहिल्या तीन दिवसांत ६८ लाख डॉलर आणि जगभरात मिळून तीन कोटींच्या घरात. २०१८ ते २०२० या काळात आणखी तीन भाग आले. पुढच्या भागांची तयारी पहिला लागण्याच्या आधीपासून चालू होती. समीक्षा लिहिल्या गेल्या तेव्हा त्या थांबवू शकतील असं काही उरलेलंच नव्हतं.

एक प्रकार याहून वेगळा आहे: निर्मात्याचा ताबाच गेलेला चित्रपट. 'फूडफाइट!' हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. लॅरी कॅसनॉफ यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ठरवलेला, किराणा दुकानातल्या नामांकित वस्तूंची पात्रं रात्री जिवंत होतात अशी कल्पना असलेला चित्रपट. २००३ च्या आसपास यायचा होता. हार्डडिस्क चोरीला गेल्या असं निर्मात्यांनी सांगितलं, पुन्हा सुरुवात झाली, ॲनिमेशनची पद्धत मध्येच बदलली, तारखा पुढे जात राहिल्या. खर्चाचे साडेचार ते साडेसहा कोटी डॉलरपर्यंतचे आकडे छापून आले. शेवटी पूर्तीची हमी घेतलेल्या विमा कंपनीने ताबा घेतला आणि २०११ मध्ये चित्रपट लिलावात काढला, बोली २५ लाख डॉलरच्या घरातली. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये मोजक्या थिएटरांत आणि मग डीव्हीडीवर, २०१३ मध्ये अमेरिकेत थेट डीव्हीडीवर.

पूर्तीची हमी म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. बँक कर्ज देते तेव्हा चित्रपट वेळेत पूर्ण होऊन सुपूर्त होईल याची हमी एक विमा कंपनी घेते. निर्माता अडकला तर तीच कंपनी चित्रपट हातात घेऊन पूर्ण करते. तिची जबाबदारी 'पूर्ण' एवढीच. इतकी मिनिटं, आवाज आहे, चित्र आहे, कराराच्या यादीतली टेप आणि कागदपत्रं आहेत, झाला पूर्ण. ज्या दृश्यांचं ॲनिमेशन अर्धवट वाटतं ती अर्धवटच राहिलेली असतात. असा चित्रपट कपाटात ठेवला तर शून्य रुपये, डीव्हीडीवर काढला तर काहीतरी. ज्याने पंचवीस लाखांना घेतला त्याच्या दृष्टीने आधीचे कोट्यवधी डॉलर त्याचे नाहीतच. त्याला त्याचे पंचवीस लाख सोडवायचे आहेत, आणि डब्यावर मोठ्या कलाकारांची नावं छापता येताहेत.

डब्याचं मुखपृष्ठ हा वेगळ्याच तोडीचा धंदा आहे. गुडटाइम्स नावाच्या कंपनीने नव्वदच्या दशकात डिस्नेच्या चित्रपटांच्या वेळेला साधून त्याच परीकथांवरच्या आपल्या स्वस्त कॅसेटी मोठ्या दुकानांत लावल्या. मूळ लोककथा कुणाच्याच मालकीची नसते, त्यामुळे नाव तेच ठेवता येतं. डिस्ने 'अलादिन'वरून कोर्टात गेली. निकाल असा लागला की कंपनीला विक्री करता येईल, पण स्वतःचं नाव डब्यावर ठळक दिसलं पाहिजे. आता विचार करा, नातवासाठी भेटवस्तू घ्यायला गेलेल्या आजी डब्याच्या वरच्या पट्टीवरचं कंपनीचं नाव वाचणार आहेत का? दिवा, जिनी आणि किंमत दिसली की झालं. मुखपृष्ठाच्या चर्चांना मीही बसलोय. पात्राचे डोळे चित्रपटात आहेत त्याहून मोठे करा, हसू रुंद करा, आकाश निळं करा, अशा सूचना येतात आणि मुखपृष्ठासाठी पात्र वेगळं, चांगल्या प्रकाशात रेंडर केलं जातं. डब्यावरच्या अस्वलाच्या फरमध्ये जी मऊ झळाळी असते ती आत कुठेच सापडत नाही.

आपल्याकडे हे सगळं थोडं उशिरा आणि आपल्या पद्धतीने झालं. व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' २००५ मध्ये चालला, लोकांनी मुलांना घेऊन थिएटरात गर्दी केली. मागोमाग पौराणिक ॲनिमेशनपटांची रांग लागली. बहुतेकांना थिएटरात दुपारचा एखादा खेळ मिळायचा आणि आठवड्यात निघायचे. त्याच सुमारास डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली. इतक्या कमी दराला एसटी स्टँडवरच्या, किराणा दुकानातल्या स्टँडवरूनही डिस्क उचलली जायची. देवाचं चित्र, मुलांसाठी, चौतीस रुपये. कोण आधी परीक्षण वाचणार होतं?

आणि उलट बाजू बघा, जी मला जास्त लागते. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी या सरकारी संस्थेने वेगवेगळ्या भारतीय भाषांत अडीचशेच्या आसपास बालचित्रपट केले. त्यात काही खरोखर उत्तम होते, जगभरच्या महोत्सवांत गेले. पण आपल्या मुलांनी ते पाहिले कुठे? शाळेच्या हॉलमध्ये, पडदे लावून, कधीमधी. तिथे चांगला चित्रपट होता, पण विक्री नव्हती, मुखपृष्ठ नव्हतं, दुकानातली फळी नव्हती, पडद्यांची अट घालणारा करार नव्हता. २०२२ मध्ये ती संस्था एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. वाईट चित्रपट दोन हजार थिएटरांत पोहोचतात ते त्यांच्यामागे पोहोचवणारी पक्की व्यवस्था असते म्हणून. चांगल्या चित्रपटांसाठी तशी व्यवस्था आपण उभी केली नाही, आणि हे काम सरकारने किंवा एखाद्या मोठ्या कंपनीने मनावर घेतलं असतं तर अजिबात अवघड नव्हतं. वितरणाचं शास्त्र सगळ्यांना ठाऊक आहे.

'मुलांना काय कळतं' हे वाक्य मी या धंद्यात प्रत्येक देशाच्या माणसाच्या तोंडून ऐकलं आहे. मुलांना कळतं. चाचणी-प्रदर्शनात मागच्या रांगेत बसून बघितलं की लगेच दिसतं. चित्रपटाची पकड सुटली की आधी पाय हलायला लागतात, मग पाणी हवं असतं, मग सू. मोठा माणूस कंटाळला तर मोबाइल काढतो, मूल उठून चालायला लागतं. पण त्या वेळेला तिकीट फाडलेलं असतं, डिस्कचं प्लास्टिक फोडलेलं असतं, पैसे परत मागणारा पाच वर्षांचा ग्राहक अजून कुणी पाहिलेला नाही. बघणाऱ्याला नकार देण्याची सोय नाही आणि पैसे देणाऱ्याने बघितलेलं नाही, यावर हा सगळा व्यवहार उभा आहे.

आता डीव्हीडीची फळी गेली, तिच्या जागी ओटीटीच्या पडद्यावरचं चौकोनी चित्र आलं. मुखपृष्ठाचे नियम तसेच्या तसे तिथे गेले. हक्क गठ्ठ्याने विकले जातात: दोन चांगले हवे असतील तर त्यांच्यासोबत हे असले आठही घ्या, हिंदी डबिंगसकट. म्हणून लहान मुलांच्या विभागात तुम्हाला कधी न ऐकलेली अस्वलं, लांडगे आणि राजकन्या रांगेने दिसतात.

पालक विचारतात, ओळखायचं कसं? लांबी बघा. पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचा 'चित्रपट' आणि नावात चौथा-पाचवा भाग असेल तर तो जुन्या मॉडेलवर केलेला आहे. आवाज देणाऱ्या कलाकारांची नावं मोठी आणि दिग्दर्शकाचं नाव शोधूनही सापडत नसेल तर सावध व्हा. डब्यावरचं किंवा पडद्यावरचं चित्र सोडा, ट्रेलर लावा आणि पात्रांच्या पायांकडे बघा. पाय जमिनीवर टेकत नसतील, किंवा अख्ख्या ट्रेलरमध्ये पायच दाखवले नसतील, तर त्या चित्रपटावर वेळ खर्च झालेला नाही. आणि तुमचं मूल विसाव्या मिनिटाला उठून खेळायला गेलं, तर 'पैसे भरलेत, बस आणि बघ' असं म्हणू नका.